कोपऱ्यातला लाल टाका

आयुष्यात मी एकच चोरी केली, आणि ती चर्चच्या ब्लँकेटांमधली होती. तशी मिनिस्ट्रीतल्या ऑफिसातून घरी आलेली पेनं आणि पिनांच्या डब्या धरल्या तर आकडा वाढेल, पण त्यांची मला कधी भीती वाटली नाही. ह्या एका ब्लँकेटनं मात्र मला असं घाबरवलं, की दारावरची बेल वाजली तरी छातीत धस्स व्हायचं. चाळिशी ओलांडलेली बाई मी, दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींवर बिनदिक्कत शेरे मारणारी. आणि घाबरत कशाला होते, तर लाल दोऱ्याच्या एका टाक्याला.

दिल्लीतली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी अगदी छोटी आहे. बहुतेक सगळे केंद्र सरकारचे नोकर, कुणी नगरचे, कुणी जालन्याचे, कुणी कोल्हापूरचे, बदलीनं इथं येऊन पडलेले. स्वतःचं चर्च नाही. महिन्यातून दोन रविवारी दुपारी एका इंग्रजी चर्चची इमारत आम्हाला मिळते. तिथं मराठीत उपासना होते, मग चहा होतो, आणि चहाबरोबर पोटभर मराठी बोलून घेतलं जातं. नाताळच्या आधी ही मंडळी ब्लँकेटं देते. त्याची आमची एक रीत आहे. रांगा लावायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत. पानिपतहून ब्लँकेटं आणायची, उपासनेनंतर बायकांनी बसून प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं छोटासा क्रूस घालायचा, आणि टाका घालताना ते ज्याच्या अंगावर पडेल त्या अनोळखी माणसासाठी मनात प्रार्थना करायची. मग एकेका घरानं एकेक ब्लँकेट न्यायचं आणि आपल्या येण्याजाण्यातल्या कुणाला तरी स्वतःच्या हातानं द्यायचं. कुणाला दिलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही. देणं गुपचूपच असावं, असा आमच्या पाळकांचा, म्हणजे पाद्रींचा, आग्रह असतो.

चोरासाठी ह्याहून सोयीची व्यवस्था शोधूनही सापडली नसती.

त्या वर्षी ब्लँकेटं आणायचं काम आमच्याकडे आलं. आमच्याकडे गाडी होती, आणि लक्ष्मीबाई नगरातलं आमचं क्वार्टर तळमजल्यावर, त्यामुळे गठ्ठे उतरवायला सोपं. एका शनिवारी नवरा आणि मी पानिपतला गेलो. दुकानात लोकरीची धूळ इतकी, की मी शिंकतच आत शिरले. एरवी आम्ही साधी करडी ब्लँकेटं घ्यायचो, वाटपासाठी म्हणून वेगळी बनवतात तसली. त्या वर्षी महिला मंडळात वाद झाला, आणि आपण घरात जे पांघरतो तेच द्यायचं असं ठरलं. म्हणून बारा दुहेरी, जाड, मखमली ब्लँकेटं निवडली. त्यातलं एक मरून रंगाचं, मोठमोठ्या गुलाबांचं होतं. मी त्यावर हात ठेवला आणि हात तिथून हलेना.

"आईंसाठी पण एक घेऊ या का?" नवऱ्यानं विचारलं. माझी आई तेव्हा नगरहून आमच्याकडे राहायला आली होती.

"घरात आहे की ते तपकिरी," मी म्हटलं. "कशाला उगाच?"

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढं जे केलं ते आईच्या थंडीसाठी केलं असं मी स्वतःला खूप वेळा सांगितलं. पण दुकानात उभी होते, पाकीट हातात होतं, आणि मी नको म्हटलं. नंतरसुद्धा करोल बागेत जाऊन एखादं ब्लँकेट आणणं काही अवघड नव्हतं, मेट्रोनं अर्ध्या तासाचं काम. मी गरजेपोटी चोरी केली नाही. चिकटपणा आणि कंटाळा ह्यांपोटी केली, आणि आईच्या नावावर खपवली.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. ती निवृत्त शिक्षिका, आणि शिवाय तीस वर्षं तिनं शब्बाथशाळा घेतली. शब्बाथशाळा म्हणजे रविवारी सकाळी मुलांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायचा वर्ग. मीही तिच्याच वर्गात होते, आणि घरची म्हणून मला सवलत काहीच नव्हती, उलट दोन प्रश्न जास्त. चोरीची आज्ञा ती एका गोष्टीतून शिकवायची. लढाईतली लूट देवासाठी बाजूला ठेवलेली असते, त्यातला एक सुंदर झगा एका माणसाच्या डोळ्यांत भरतो, आणि तो झगा घरी नेऊन आपल्या तंबूत जमिनीखाली पुरतो. मग एकेक वंश पुढं बोलावला जातो, त्यातलं एकेक घराणं, त्यातलं एकेक घर, आणि शेवटी तो माणूस. त्याच्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही शिक्षा होते. हे सांगताना आई बाकांवरून हळूहळू बोट फिरवायची. बोट माझ्यापाशी आलं की काहीही चोरलेलं नसताना मला रडू फुटायचं. घरी आल्यावर मी खाटेखाली वाकून बघायची, आपल्या घरात कुणी काही पुरून ठेवलेलं नाही ना. शहाबादी फरशीखाली कोण काय पुरणार होतं? पण बघितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

तर त्या आईला दिल्लीची थंडी सोसेना. तपकिरी चौकडीचं ते आमचं जुनं ब्लँकेट धुऊन धुऊन पातळ झालं होतं. सकाळी चहा पिताना तिच्या हातातली कपबशी वाजायची. ती तक्रार करायची नाही. कपबशीच करायची.

टाके घालायच्या रविवारी आईही आमच्याबरोबर उपासनेला आली आणि बायकांत बसून तिनं भराभर टाके घातले. मग सगळ्या पिशव्या आमच्या घरी आल्या. जाड प्लॅस्टिकच्या, झिपच्या पिशव्या, त्यामुळे आतलं ब्लँकेट नीट दिसायचं. आठवडाभर मंडळीतले लोक येऊन एकेक घेऊन गेले. दर वेळी मी मरून गुलाबांची पिशवी सगळ्यांच्या खाली सरकवत होते. का, ते स्वतःलाही विचारलं नाही. शेवटी ती एकटीच उरली, आमच्या वाट्याची. आम्ही ती प्रेसवाल्या अम्माला द्यायची ठरवली होती.

अम्माचं टेबल आमच्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली. साठी कधीच उलटलेली, एकटी बाई, कोळशाची इस्त्री चालवणारी. आमचे कपडे तिच्याकडे नऊ वर्षं जात होते. तिचे हात विलक्षण होते. एकदा मी मोठ्या तोऱ्यात नवी रेशमी साडी तिच्यासमोर ठेवली, तर तिनं दोन बोटांत पदर चोळून बघितला आणि म्हणाली, "मैडम, दुकानवाले ने ठग लिया आपको. आधा तो नायलॉन है." मला राग आला होता. नंतर कळलं की तिचं खरं होतं.

त्या दुपारी आई आडवी झाली होती आणि नवरा बाहेर गेला होता. मी मरून ब्लँकेट पिशवीतून काढलं, तपकिरी धुऊन वाळवून ठेवलेलं होतं ते पिशवीत भरलं, आणि झिप लावली. ब्लँकेट गेलं आणि ब्लँकेट आलं, ह्यात चोरी कसली, असं मनाशी म्हटलंही. मग लक्षात आलं, तपकिरीला टाका नाही. मी लाल दोरा शोधला, सुई ओवली, पिशवी पुन्हा उघडली आणि कोपऱ्यात क्रूस घातला. सवयीनं प्रार्थना करायला गेले, तर एक शब्द सुचेना. तेव्हा पहिल्यांदा मी घाबरले. सुई बोटात घुसली, रक्त आलं, असलं काही झालं नाही. झालं असतं तर कदाचित तिथंच थांबले असते.

मरून ब्लँकेटचा टाका मी उसवणार होते. कात्री घेतली, कोपरा शोधला, दोऱ्याखाली कात्रीचं टोकही घातलं. आणि हात धजावेना. तो कुणीतरी प्रार्थना करून घातलेला टाका होता. कुणी, ते मला माहीत नव्हतं. मखमलीच्या लवेत तो फारसा दिसतही नव्हता. राहू दे, म्हटलं, आणि कात्री ठेवून दिली.

संध्याकाळी ते मी आईच्या मांडीवर ठेवलं. "पानिपतहून आपल्याला एक जास्तीचं आणलं होतं गं. द्यायचं विसरलेच."

आईनं त्यावरून हात फिरवला. कोपऱ्यापर्यंत गेला तिचा हात, तिथं थोडा थांबला. "छान आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "देणाऱ्याचं देव बरं करो." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी अम्माला पिशवी दिली. तिनं झिप थोडी उघडली, हात आत घातला, आणि क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग पिशवी कपाळाला लावली. "भगवान आपको और दे, मैडम." मी घरी येताना इतकी भरभर चालले, की चौकीदारानं विचारलं, "सब ठीक है ना?"

नाताळ चांगला गेला. करंज्या झाल्या, पाळकांनी आमच्या घरी येऊन प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत त्यांनी ब्लँकेटं देणाऱ्या हातांबद्दल आभार मानले आणि मी डोळे मिटून दात घट्ट आवळून बसले. पण चांगला गेला. मला वाटलं, निभावलं.

नव्या वर्षात थंडी पडली, आणि अशी पडली की शाळांना सुट्या दिल्या. सकाळी दहापर्यंत समोरचा ब्लॉक दिसायचा नाही. एका सोमवारी मी कपड्यांचं गाठोडं घेऊन कोपऱ्यावर गेले, तर कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. टेबलावर ताडपत्री, तिच्याभोवती दोरी आवळून बांधलेली. इतक्या वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं. अम्मा पावसातही यायची, छत्री लावून उभी राहायची.

मंगळवारी नाही. बुधवारी नाही. एखादी म्हातारी बाई चार दिवस कामाला आली नाही, तर माणसाच्या मनात शंभर कारणं येतात, गावी गेली असेल, पाहुणे आले असतील. माझ्या मनात एकच येत होतं. तिला थंडी बाधली, आणि तिच्या अंगावर मी दिलेलं ते पातळ पांघरूण होतं. ऑफिसात समोर फाईल उघडायची, अर्धं पान वाचायचं आणि काय वाचलं ते आठवायचं नाही. साहेबांनी हाक मारली की दचकायचं.

शुक्रवारी सकाळी भाजीवाला गाडी घेऊन आला. मटार मापताना सहज म्हणाला, "ठंड ने तो इस बार हद कर दी. कल पुल के नीचे एक बुढ़िया मरी मिली. कंबल ओढ़े सोई थी, सोई ही रह गई."

"कौन सा कंबल?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कंबल कंबल होता है मैडम. भूरा-सा था, कोई बता रहा था."

भूरा म्हणजे तपकिरी. मी मटार न घेताच घरात आले आणि दाराला आतून कडी लावली. कुणापासून, ते माहीत नाही. पोलीस चौकीत जाऊन विचारावं असं मनात आलं, आणि लगेच दुसरं चित्र आलं, की ते कोपऱ्यातला लाल क्रूस दाखवतात आणि विचारतात, हा कुणाचा? मी गेले नाही. ती अम्माच होती का हे कळण्यापेक्षा न कळणं मला बरं वाटत होतं, इतकी मी घाबरले होते.

त्यात आईला खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग छातीतून खरखर येणारा. एवढं जाड ब्लँकेट असून हिला थंडी कशी बाधली, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. मला आठवलं ते बाकांवरून फिरणारं बोट. चोरी एकट्यानं केली तरी शिक्षा घरादाराला होते, ही लहानपणी ऐकलेली गोष्ट माझ्या अंगात इतकी मुरलेली होती, की हा खोकला म्हणजे सुरुवात आहे अशी माझी खात्रीच झाली. शिकलेली बाई मी, आणि स्वयंपाकघरात उभी राहून देवाला विनवत होते, आईला काही करू नकोस, मला कर. सकाळी तिच्या खोलीत चहा न्यायचे तेव्हा ती उठून बसलेली असायची आणि ब्लँकेट पायथ्याशी नीट घडी करून ठेवलेलं असायचं. कडक शिस्तीची बाई, मला त्यात काही नवल वाटलं नाही.

शनिवारी दिवेलागणीला तिच्या कपाळाला हात लावला तर कढत लागलं. मी खाटेच्या कडेवर बसले आणि बोलायला तोंड उघडलं तर आधी रडूच आलं.

"आई, हे ब्लँकेट आपलं नाही."

"हं," आई म्हणाली.

"प्रेसवाल्या अम्माचं आहे. मी बदललं. तिला तपकिरी दिलं. आणि ती आठवडाभर आली नाही, आणि पुलाखाली कुणीतरी बाई मेली म्हणतात, आणि तुला ताप..."

आईनं पायथ्याची घडी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "ही घडी बघ. दुकानातलीच आहे. मी मोडलेली नाही."

मला कळेना.

"मी एक दिवसही हे पांघरलं नाही, बाई. माझी दोन लुगडी आणि शाल, एवढ्यावर काढलं."

"का?"

तिनं कोपरा उलटा करून माझ्यापुढं धरला. "हा टाका मी घातलाय. माझा टाका मला ओळखू येणार नाही? आडवा दोरा मी नेहमी दुहेरी घेते. ज्याच्या अंगावर पडेल त्याला ऊब दे, म्हणून प्रार्थना केली होती मी. आणि तू तेच आणून माझ्या मांडीवर ठेवलंस. त्याच्याखाली मला झोप कशी लागणार?"

सगळा महिना ते ब्लँकेट पायथ्याशी पडून होतं. मी ज्याच्यासाठी इतकी घाबरले, ते कुणाच्याही अंगावर नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू सांगशील म्हणून थांबले. मी बोट दाखवलं असतं तर भिऊन परत केलं असतंस."

"भिऊनच तर सांगितलं."

"हो. पण तिच्यासाठी भिऊन."

हे पूर्ण खरं नव्हतं. निम्मी तरी भीती माझ्यासाठीच होती, आणि मी आईला तसं सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तिचा चेहरा उतरला होता.

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "तुला शिकवायच्या नादात मी तिकडं ती बाई कुडकुडत असेल हे विसरले. ब्लँकेट इथं घडी घालून ठेवलं आणि मला वाटलं, मी चोरीचं वापरत नाही म्हणजे माझे हात स्वच्छ. नुसतं न वापरून काय होतं? जिचं तिच्याकडे गेलं पाहिजे होतं." मग ती खोकली, बराच वेळ. "सकाळी जाऊ."

"तुला ताप आहे."

"सकाळी जाऊ," आई म्हणाली. शब्बाथशाळेचा आवाज होता तो, त्यावर बोलायची माझी हिंमत कधीच झाली नाही.

सकाळी ताप उतरला होता, पण अंगात कणकण होतीच. नवऱ्यानं काही न विचारता गाडी काढली. रात्रीच मी त्याला सगळं सांगितलं होतं, आणि तो फक्त "अरे यार" एवढंच म्हणाला होता. चौकीदारानं अम्माचा पत्ता सांगितला, रुळांपलीकडच्या वस्तीत, पाण्याच्या टाकीमागे. धुक्यात टाकी सापडायलाच वेळ लागला. गाडी पुढं जाईना, म्हणून नवरा तिच्यापाशीच थांबला. मी ब्लँकेट छातीशी धरून पुढं चालले होते आणि आई माझा दंड धरून मागे. प्रत्येक दाराशी मला वाटायचं, आता कुणीतरी सांगेल, ती? ती तो गुज़र गई. मी ते वाक्य इतक्या वेळा मनात ऐकलं होतं, की एका बाईनं खरंच तोंड उघडलं तेव्हा मी डोळेच मिटले.

"प्रेसवाली? वो नीले दरवाज़े वाली. बीमार है."

बीमार. म्हणजे आहे.

अम्मा भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यांवर गोधडी, समोर घमेल्यात इस्त्रीच्या कोळशाचे निखारे. चेहरा निम्मा झाला होता. माझ्या तोंडून पहिलं निघालं ते "देवा, तुझे उपकार". आणि लगेच आठवलं, पुलाखाली कुणीतरी मेलंच होतं. ती अम्मा नव्हती एवढंच. माझी सुटका झाली म्हणून मी देवाचे आभार मानत होते, आणि त्या बाईचं नावही मला माहीत नव्हतं. ते मला आजही माहीत नाही.

"अरे मैडम, आप यहाँ?" अम्मा उठायला लागली. आईनं तिला खांदा धरून बसवलं आणि स्वतः तिच्याजवळ खाली बसली.

मी दारातच उभी राहिले. "अम्मा, आपको जो दिया था, वो हमारा पुराना था. आपका तो ये था. मैंने रख लिया था." हिंदीत एवढी छोटी वाक्यं मी कधी बोलले नव्हते. ब्लँकेट पुढं केलं.

अम्मानं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत आश्चर्य नव्हतं.

"मालूम है," ती म्हणाली. "हाथ डालते ही मालूम हो गया था. उमर भर कपड़े ही तो छुए हैं. नई थैली में पुराना कंबल."

"तो बोलीं क्यों नहीं?"

"देने आई थीं आप. मुँह पे कैसे बोलती?" ती खोकली. "ओढ़ने लायक था नहीं, तो टेबल पे चादर के नीचे बिछा दिया. अच्छा काम दे रहा है. प्रेस बैठती है उस पे."

नाताळापासून आमच्या घरातले सगळे कपडे, पाळक घरी आले तेव्हा नवऱ्यानं घातलेला पांढरा शर्टसुद्धा, त्या तपकिरी ब्लँकेटवर इस्त्री होऊन आला होता. माझ्या लाल टाक्यावरून तिची इस्त्री रोज फिरत होती. मला वाटत होतं, कुणालाच कळलेलं नाही. आणि दोन म्हाताऱ्या बायकांच्या हातांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि दोघींनीही माझी लाज राखली होती, एकीनं मला शिकवायचं म्हणून, दुसरीनं काहीही कारण नसताना. मी इतक्या दिवसांत देवाच्या बोटाला भ्याले, पोलिसांना भ्याले, तापाला भ्याले. पण त्या खोलीत, कुणी रागावत नाही म्हटल्यावर, मला जेवढी भीती वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती. रागावल्या असत्या तर फिटलं असतं.

अम्मानं ब्लँकेट मांडीवर घेतलं. हात फिरवला, दोन बोटांत लव चोळली, आणि खूश झाली. "ये है असली," ती मला म्हणाली. मग तिचं लक्ष आईकडे गेलं. आई नुसत्या शालीत होती, आणि तिचे गुडघे कापत होते, लपवता येत नव्हतं.

"बहनजी तो काँप रही हैं," अम्मा म्हणाली, आणि दुकानातली ती घडी एका झटक्यात मोडून ब्लँकेट आईच्या पायांवर टाकलं.

आई ते बाजूला सारायला लागली. "नको, नहीं नहीं, ये आपका है."

"मेरा है ना? तो मैं जिसको चाहूँ उसको ओढ़ाऊँ. चाय बनने तक बैठिए चुपचाप."

आईचा हात तिथंच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग ब्लँकेट कमरेपर्यंत ओढून घेतलं आणि भिंतीला टेकली. अम्मानं घमेल्यातल्या निखाऱ्यांवर पातेलं ठेवलं. चहाला उकळी फुटली. आईचे गुडघे हळूहळू कापायचे थांबले.

"ऊब आली?" मी विचारलं.

"आली," आई म्हणाली.

चहा संपल्यावर तिनं ब्लँकेट पायांवरून काढलं, कोपऱ्याला कोपरा लावून घडी केली, आणि दोन्ही हातांनी अम्माच्या मांडीवर ठेवलं.